सात नंबरची चीप

मामाने सात नंबरची चीप उचलली, तिच्यावर तोंडाची वाफ सोडली आणि मऊ फडक्याने पुसायला घेतली. आधीच्या सहा भराभर पुसून टेबलांवर गेल्या होत्या. ही मात्र हातात रेंगाळली. साडेनऊ वाजले होते. दहाला शेवटच्या वर्गाची प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होणार होती आणि पहिल्याच गटात त्याची स्वतःची मुलगी होती.

शाळेच्या प्रयोगशाळेत तो बावीस वर्षं होता. शिक्षक त्याला मामा म्हणत. मुलं समोर मामा म्हणत आणि पाठ वळली की टाचणी, कारण प्रत्येक प्रयोगानंतर तो टाचण्या मोजून घेई आणि एक जरी कमी भरली तरी अख्ख्या वर्गाला टेबलाखाली वाकायला लावी. मुलीलाही शाळेत त्याला मामाच म्हणावं लागे. शाळेच्या फाटकाच्या आत नाती नकोत, हा त्याचाच नियम. नियम ऐकला त्या दिवशी ती म्हणाली होती, “म्हणजे आई तुमची बहीण झाली की!” आणि मायलेकींनी त्याला त्यावरून आठवडाभर पिडलं होतं.

चीप म्हणजे साबणाच्या वडीएवढा काचेचा ठोकळा. पांढऱ्या कागदावर ती ठेवायची, एका बाजूला तिरक्या रेषेवर दोन टाचण्या टोचायच्या, मग पलीकडून एक डोळा मिटून काचेतून बघायचं आणि आणखी दोन टाचण्या अशा टोचायच्या की चारही एका ओळीत दिसाव्यात. चीप उचलून भोकं जोडली की कळतं, ओळ एक नव्हतीच. किरण काचेत शिरताना वाकतो, बाहेर पडताना पुन्हा वाकतो. दिशा पहिलीच धरतो, पण थोडा बाजूला सरकलेला असतो आणि मूळ रेषेवर काही परत येत नाही. कोन मोजून गणित केलं की काच किती वाकवते त्याचा आकडा मिळतो. साध्या काचेचा आकडा दीड. मामा स्वतः नववीत शाळा सोडलेला, पण भौतिकशास्त्राच्या बाईंच्या मागे उभं राहून त्याने हा धडा इतक्यांदा ऐकला होता की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघडा म्हणून दाखवला असता.

सात नंबरचा आकडा दीड नव्हता. हे जगात फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं तो बारा वर्षं समजून होता.

बारा वर्षांपूर्वी खरी सात नंबरची त्याच्या हातून निसटली आणि फरशीवर तिचे तीन तुकडे झाले. त्याची नोकरी तेव्हा कच्ची होती. मुख्याध्यापक त्याला काढायला टपलेलेच होते, आणि हे आयतं निमित्त त्यांच्या हातात पडलं असतं तर पुढच्या वर्षीचं नेमणुकीचं पत्र आलंच नसतं. शाळेच्या अडगळीत एका मोडक्या उपकरणाच्या पेटीत जाड काचेचा लांब ठोकळा पडून होता. मामाने तो पिशवीत घालून घरी नेला, फोटोला काचा बसवणाऱ्याकडून मापात तोडून घेतला आणि तोडलेली बाजू तीन रविवार अंगणात बसून ओल्या पॉलिश पेपरवर घासली. पाच वर्षांची पोर शेजारी उकिडवी बसून मगाने पाणी ओतायची.

“काय करताय, बाबा?”

“काच स्वच्छ करतोय. धार बारीक धर.”

एका कोपऱ्याचा खरबरीतपणा गेला नाही तो नाहीच. शेवटी त्याने नाद सोडला, वर ऑइलपेंटने सातचा आकडा काढला आणि सोमवारी ती काच बाकीच्या सात चिपांत जाऊन बसली.

दिसायला तीच. हाताला मात्र जड, आणि उजेडात धरली तर किंचित पिवळट. सुट्टीत एकटा असताना त्याने प्रयोग करून पाहिला. आकडा आला एक पूर्णांक चौसष्ट. पंचेचाळीस अंशांच्या कोनाला किरण बाहेर पडायची जागा तब्बल तीन मिलिमीटर चुकत होती. आता पहिलाच विद्यार्थी बोट दाखवणार आणि आपण घरी बसणार.

कोणी बोट दाखवलं नाही. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी नाही. मुलांना उत्तर आधीच ठाऊक असे. ती दीडवरून उलटं गणित करत, कोन काढत, रेष आखत आणि त्या रेषेवर टाचण्या टोचून मोकळी होत. काचेतून बघायचं ते परीक्षकांना दिसावं म्हणून. एखादं साधंभोळं पोर खरंच डोळा लावून बघे. टाचण्या रेषेवर नाहीत हे त्याला स्वच्छ दिसे. मग ते डोळे चोळी, शेजाऱ्याच्या कागदावर नजर टाकी, आणि आपलंच काहीतरी चुकलं असं ठरवून निमूटपणे दीड लिहून टाकी.

हळूहळू मामाची भीती गेली आणि तिच्या जागी तुच्छता आली. कागद खिडकीसमोर धरला की त्याला सगळं कळे. खरं बघून टोचलेलं भोक जरा चाचपडलेलं असतं, त्याच्या शेजारी एखादं फसलेलं भोक असतं. आखून टोचलेली भोकं शहाण्या बाळांसारखी रेषेवर बसलेली. वर्षाला दोनशे कागद, त्यातले खरे दहा नाहीत. घरी जेवताना तो मुलीला ऐकवी, “सगळे चोर आहेत लेकाचे. तू मात्र डोळ्याला दिसेल तेच लिहायचं. उत्तर चुकलं तरी चालेल, बघणं चुकता कामा नये.”

हे तो छाती पुढे काढून सांगे. सात नंबरची चीप त्या वेळी त्याच्या मनातही नसे.

पोरीने मात्र ते मनावर घेतलं. आठवीपासून ती दिसेल तेच लिहीत आली होती आणि त्यापायी दोन-चारदा मार्कही घालवून बसली होती. आता तिला पुढे भौतिकशास्त्रच शिकायचं होतं. ज्या कॉलेजात शिकायचं होतं तिथली यादी अशी लागायची की प्रात्यक्षिकात एक मार्क गेला तरी नाव खाली. मुलीने त्या कॉलेजच्या इमारतीचं चित्र वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं होतं. मामाने ते तिच्या नकळत पाहिलं होतं.

म्हणून आज सकाळी चीप हातातून सुटत नव्हती. लपवावी, तर टेबलं आठ आणि मुलं आठ. मोडली म्हणून सांगावं, तर कधी मोडली, कशी मोडली, तुकडे कुठायत? आणि टेबलं चिठ्ठ्या काढून ठरत, आठांत एक. तीच चिठ्ठी नेमकी तिलाच कशाला लागेल? अशी मनाची समजूत घालून त्याने चीप सातव्या टेबलावर ठेवली.

बाई शेजारच्या खोलीत तोंडी परीक्षा घ्यायला बसल्या. प्रयोगशाळेत दुसऱ्या शाळेतून आलेले परीक्षक होते, चष्मा कपाळावर चढवलेले, हसतमुख आणि घाईतले. त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यात चिठ्ठ्या हलवल्या. मुलीने चिठ्ठी उघडली, आकडा बघितला आणि सातव्या टेबलाकडे गेली.

मामा टाचण्यांची डबी घेऊन खिडकीपाशी उभा राहिला.

तिने कागद लावला. चीप उचलली. उचलताना हात क्षणभर थबकला. अंगठा कडेवरून फिरत फिरत कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथे थोडा थांबला. मग तिने चीप ठेवली, कडा आखल्या आणि डोळा मिटून खाली वाकली.

पंधरा-वीस मिनिटांत बाकीच्या सातांचं आटोपत आलं. ही अजून टाचण्या काढत होती, पुन्हा लावत होती. मामा टेबलांमधून फिरत तिच्या मागे पोचला. तक्त्यात तिने तीन आकडे लिहिले होते. एक पूर्णांक चौसष्ट. एक पूर्णांक त्रेसष्ट. एक पूर्णांक पासष्ट. त्याने कधी पाहिली नव्हती इतकी नेटकी आणि इतकी खरी मोजणी होती ती.

तो तिच्यापुढे जास्तीच्या टाचण्या ठेवण्यासाठी वाकला.

“दीड लिही,” तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

तिने वर पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिला असं काही सांगत होता, आणि ते ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने ती पेन्सिलीला टोक करत राहिली.

“मामा, काय गुलुगुलु चाललंय तिकडे?” परीक्षक हसत हसत जवळ आले. “काय गं, किती आला?”

“एक पूर्णांक चौसष्ट, सर.”

“काच आहे की हिरा?”

शेजारच्या टेबलांवरची मुलं फिदीफिदी हसली.

“तिन्ही कोनांना तेवढाच येतोय, सर. मी दोनदा बघितलं.”

“म्हणजे दोनदा चुकलीस. अगं, बाकी सगळ्यांचा दीड आलाय. सातजण चुकले आणि तू एकटी बरोबर?”

“चीप वेगळ्या काचेची असू शकते, सर.”

“चिपेला नावं ठेवणारी मुलं मी वीस वर्षं बघतोय.” आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. “हे असंच ठेवलंस तर दहापैकी तीनच्या वर देता येणार नाहीत मला. बघ बाई.”

मुलीने पेन्सिल खाली ठेवली. मान वळवून बापाकडे पाहिलं.

“मामा,” ती म्हणाली, “ही चीप बाकीच्यांसारखीच आहे ना?”

खोलीतली सगळी डोकी वर झाली. परीक्षकही त्याच्याकडे बघू लागले. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण त्या वाक्यामागून मनात ते मुख्याध्यापक आले, बारा वर्षांची चौकशी आली, या चिपेवर परीक्षा दिलेली सगळी पोरं आली, आणि ‘मामा, तुम्ही?’ असं विचारणारे चेहरे आले. नोकरी पक्की होऊन दहा वर्षं झाली होती आणि ते मुख्याध्यापक केव्हाच निवृत्त झाले होते, हे त्याला त्या घटकेला आठवलंच नाही.

“आठच्या आठ एकाच पेटीतल्या आहेत, सर,” तो म्हणाला. उत्तर त्याने तिला दिलं नाही, परीक्षकांना दिलं.

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. चार टाचण्या ओळीत आहेत की नाहीत हे बघायला लागतो तेवढाच वेळ.

“मग माझंच चुकलं असेल, सर,” ती म्हणाली. “दुसरा कागद मिळेल का?”

कागद द्यायचं काम मामाचंच होतं. त्याने कपाटातून कागद काढला, कोपऱ्यात शाळेचा शिक्का मारला आणि तिच्यापुढे ठेवला. पहिल्या कागदावर परीक्षकांनी तिरपी रेघ ओढली आणि तो टोपलीत टाकला. मुलीने सावकाश सगळं नव्याने मांडलं. दर टाचणीला ती खाली वाकत होती, एक डोळा मिटून काचेतून नीट बघत होती. मामाला आधी वाटलं, पोरगी हट्टाला पेटली, पुन्हा चौसष्टच आणणार. त्याच्या मनात कुठेतरी तसं व्हावं असंही होतं. ही लाजिरवाणी आशा त्याने ती कागद देईपर्यंत धरून ठेवली.

“आला का नाही दीड?” परीक्षक खूश झाले. “हे बघा मामा, चूक कळली की लगेच सुधारते. हुशार आहे हो मुलगी.” दहापैकी दहा देऊन ते पुढच्या टेबलाकडे वळले.

गट बाहेर पडला. परीक्षक चहाला गेले. कागद पाकिटात घालण्याआधी मामाने मुलीचा कागद खिडकीसमोर धरला. भोकं रेषेवर शहाण्यासारखी बसलेली नव्हती. जरा थरथरलेली होती. एकाच्या शेजारी एक फसलेलं भोकही होतं. तीन आकडे होते एक पूर्णांक एकोणपन्नास, बावन्न आणि पुन्हा एकोणपन्नास. सरासरी दीड. खऱ्या बघण्यात जेवढी चूक व्हावी तेवढीच तिने मोजून-मापून घातली होती. बावीस वर्षांत हजारो कागद त्याने असे धरले होते आणि एका नजरेत चोर ओळखला होता. हा कागद दुसऱ्या कोणाचा असता तर त्याने छातीठोकपणे सांगितलं असतं की हा खरा आहे.

त्याने टोपलीतला पहिला कागद काढला, घडी करून खिशात घातला आणि तडक बाईंच्या खोलीत गेला. बाई मार्कांची यादी करत होत्या.

“बाई, एक सांगायचं होतं. ती सात नंबरची चीप...”

“जड काचेची आहे. ठाऊक आहे मला,” बाई मान वर न करता म्हणाल्या.

मामाला बसायला खुर्ची सापडेना.

“पहिल्याच वर्षी हातात घेतली तेव्हा कळलं. तुमची नोकरी कच्ची होती, म्हटलं कशाला उगाच माणसाच्या पोटावर पाय आणायचा. म्हणून तर पोरांना आधीच बजावून ठेवते, दीडच यायला हवा.” त्यांनी टेबलाचा खण ओढला. आत कागदात गुंडाळलेली नवीकोरी चीप होती. “ही सहा वर्षं पडून आहे बघा. म्हटलं, मामा कधीतरी आपणहून बोलतील, तेव्हा देऊ. मी होऊन काढली असती तर तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.”

“सहा वर्षं?”

“हो ना. पाच मिनिटांचं काम होतं.” बाईंनी यादी पुढे ओढली. “आज कोणाला लागली होती सात?”

बाईंचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं आणि एका नावापाशी थांबलं. त्यांनी खण हळूच लावून घेतला.

एरवी परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की मुलीची टकळी सुरू होई. आज ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालत होती, हा अलीकडच्या. चाल तीच होती, वाटही तीच होती. दोघांच्या मधून सायकली जात होत्या, एक हातगाडी गेली. मामाने दोनदा रस्ता ओलांडायचं मनात आणलं आणि दोन्ही वेळा कोणीतरी आडवं आलं. मग घरच आलं.

अंगणात नळाला पाणी नव्हतं. त्याच्या हाताला शिक्क्याची शाई लागली होती. मुलगी आत गेली आणि भरलेली बादली व मग घेऊन बाहेर आली. तो उकिडवा बसला. तिने मग तिरका केला.

“बाईंना सांगितलं मी,” तो म्हणाला. “चिपेचं. आत्ता.”

“आत्ता,” ती म्हणाली.

त्याने खिशातला कागद ओल्या हातानेच काढला आणि तिच्यापुढे धरला. तिने घडी ओळखली, पण घेतला नाही.

“माझा दुसरा तपासून झाला ना,” ती म्हणाली. “हा आता कोणाला दाखवायचा?”

पाणी बोटांवरून खाली जात होतं. शाई निघत नव्हती. थोड्या वेळाने, त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, “तुम्ही धार बारीक धरायला सांगायचात. माझा हात दुखायचा.”

मामाचे हात जागच्या जागी राहिले.

“तुला आठवतंय?”

“तो कोपरा अजून तस्साच खरबरीत आहे.”

“मग बोलली का नाहीस त्यांना?”

“मी विचारलं की. तुम्हाला.”

आतून तिच्या आईचा आवाज आला. “आलात का गं? कशी झाली परीक्षा?”

“छान!” मुलीने मोठ्याने सांगितलं. आवाज मोकळा होता, हसराही होता. त्यात कुठे काही सरकलेलं कोणाला कळलं नसतं. “दीड आला, आई. दहापैकी दहा.”

“वाटलंच होतं मला! शेवटी लेक कोणाची!”

मुलीने बादलीतून मग पुन्हा भरला.

“दुसरा हात, मामा,” ती म्हणाली.

त्याने पुढे केला.